वीज वरून पडते, शिरते मात्र खालून

‘वीजळी तो उपरथी पडे छे, तमे नीचे शुं खोदो छो?’ हा प्रश्न मला सुरतेतल्या इतक्या शेठ लोकांनी विचारलाय, की उत्तर द्यायला आता मी सरळ कागद-पेन्सिलच काढतो. प्रश्न रास्त आहे. मिलच्या गच्चीवर टॉवर उभा राहिला, टोकाला तांब्याची अणकुचीदार सळी लागली, म्हणजे विजेचा बंदोबस्त झाला असं कोणालाही वाटेल. सळी रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते. तिच्याखालची पट्टी, खड्डा, पट्टीचे जोड, केबल आत शिरते तिथली प्लेट हे काही दिसत नाही. आणि रेडिओ वाचतो तो ह्या न दिसणाऱ्या कामामुळे, असं माझं इतक्या वर्षांनंतरचं ठाम मत आहे.

मी मूळचा शिंदखेडा तालुक्यातला. धुळ्याला आयटीआय केलं आणि आमच्याकडच्या हजारो लोकांसारखा ताप्ती लाइनच्या गाडीत बसून सुरतेला आलो. बहुतेकांना लूमनं आणि डाइंग मिलांनी ओढून घेतलं. लिंबायत, डिंडोली, उधना ह्या भागांत आजही गल्लीबोळात अहिराणी कानावर पडते. मला वायरलेसचं काम मिळालं. पांडेसरा आणि सचिनच्या जीआयडीसीतल्या मिला, हजिऱ्याकडचे मोठे कारखाने, मगदल्ल्याच्या बाजूचे धक्के, जिथं माणसं वॉकीटॉकीवर बोलतात तिथं कुठंतरी आवाज पकडून पुढं पाठवणारा एक रिपीटर बसवलेला असतो. रिपीटरला अँटेना लागते, अँटेनाला उंची लागते, आणि जिथं उंची तिथं वीज.

लोकांना हल्ली वाटतं, मोबाइल असताना हे कशाला? 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं तापी शहरात शिरली, तेव्हा वीज गेली आणि फोन मुके झाले. ज्यांनी ते दिवस सुरतेत काढले त्यांना बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओची किंमत सांगावी लागत नाही. रोजच्या कामातही बॉयलरवाला आणि फोल्डिंग खात्यातला माणूस ह्यांच्यामधला आवाज एक मिनिट तुटला तर कुणाचा तरी हात भाजू शकतो. म्हणून रेडिओ बंद पडणं ही माझ्यासाठी साधी दुरुस्तीची बाब कधीच नव्हती.

सचिनमधल्या एका डाइंग मिलची गोष्ट सांगतो. टॉवर आमचा नव्हता, दुसऱ्या कोणीतरी उभा केलेला. जूनच्या सुरुवातीला, पाऊस अजून धरला नव्हता, नुसता गडगडाट चालू होता, तेव्हा रात्री वीज पडली आणि सकाळी मला बोलावणं आलं. वर चढून पाहिलं तर अँटेना ठणठणीत. सळी जागेवर. केबलच्या तोंडाशी लावलेला, विजेचा झटका वळवणारा अरेस्टर काढून मीटरवर घेतला, तोही चांगला. रिपीटर मात्र मेलेला. झाकण उघडलं आणि जळक्या वॉर्निशचा वास नाकात गेला. अँटेना जिथं जोडतात तो भाग कोराच होता. जळालं होतं ते दुसऱ्याच टोकाला: पॉवर सप्लायच्या बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक बोटभर लांबीत वाफ होऊन उडाला होता, आणि त्याच्या समोर डब्याच्या पत्र्यावर काजळीचा काळा पंखा उमटला होता, बरोबर एका बोल्टच्या डोक्यापासून सुरू झालेला. शेठना वाटलं, लाइटमधून झटका आला. खरं तर झटका लाइटमध्ये गेला होता.

खाली उतरून अर्थिंगचे खड्डे शोधले तेव्हा कारण सापडलं. टॉवरचा खड्डा इमारतीच्या मागं, पॅनलचा खड्डा पुढच्या गेटजवळ. दोघांत काहीही संबंध नाही. आणि हे चुकून राहिलेलं नव्हतं, मुद्दाम केलेलं होतं. ‘विजेची अर्थिंग वेगळी ठेवा, म्हणजे विजेचा करंट लाइटच्या अर्थिंगमध्ये येणार नाही,’ असं त्यांना सांगण्यात आलं होतं. हा समज मी सुरतेत, नवसारीत, भरूचला, अगदी धुळ्या-नंदुरबारातही ऐकलाय. ऐकायला तो अगदी पटतो, आणि त्यानंच सगळ्यात जास्त मशिनं जाळली आहेत.

इथं कागद-पेन्सिल लागते. पडणाऱ्या विजेच्या पहिल्या झटक्यात साधारण 30,000 अँपिअर करंट असतो. काही विजांमध्ये तो ह्याच्या पाच-सहा पटही जातो. आता टॉवरचा खड्डा उत्तम आहे, अर्थिंग मोजणारा मेगर 5 ओहम दाखवतोय असं धरा. 30,000 गुणिले 5, म्हणजे दीड लाख व्होल्ट. त्या क्षणी टॉवरचा पाय, त्याला लागलेली पट्टी, केबलची बाहेरची जाळी आणि त्या जाळीला जोडलेला रिपीटरचा डबा हे सगळं दीड लाख व्होल्टवर उचललं जातं. गेटजवळचा खड्डा मात्र अजून शून्यावर बसलेला, आणि त्याची तार लाइटच्या वायरबरोबर त्याच रिपीटरच्या पॉवर सप्लायमध्ये आलेली. दीड लाख आणि शून्य ह्यांच्यामध्ये उभा कोण? रिपीटर. अरेस्टरनं आपलं काम चोख केलं होतं. केबलची आतली तार आणि बाहेरची जाळी त्यानं एका पातळीवर आणली. पण ती पातळीच दीड लाखाची होती.

शेठना मी तापीच्या पुराचं उदाहरण दिलं. पूर आला की होडी वर येते, होडीतला माणूस वर येतो, डबा-पाणी वर येतं. कुणालाही धक्का लागत नाही. पण होडीची एक दोरी तळातल्या खुंटाला आखूड बांधलेली राहिली, तर पाणी चढताना तुटणार ती दोरी. दोन खड्डे पट्टीनं जोडा, म्हणजे वर उचललं जाईल ते सगळं एकत्र उचललं जाईल. त्यांना ते लगेच पटलं. 2006 चं पाणी त्यांनी पहिल्या मजल्याच्या पायरीवर उभं राहून पाहिलेलं होतं.

म्हणून माझ्या कामात ओहमच्या आकड्याला मी दुसरा मान देतो. बऱ्याच टेंडरांत ‘एक ओहमच्या आत’ असं लिहिलेलं असतं आणि लोक त्यासाठी खड्ड्यावर खड्डे घेतात. आकडा कमी असावाच. पण एक ओहमवरसुद्धा 30,000 व्होल्ट राहतातच, आणि त्यांना एखादा बोर्ड फोडायला फार वेळ लागत नाही. आधी सगळं एकमेकांना जोडलेलं आहे का ते पाहावं, मग मेगर काढावा. टॉवरचे पाय, पॅनलचा खड्डा, डीजीसेटचा खड्डा, खोलीतल्या रॅकची बॉडी, केबल ट्रे, बॅटरीचा स्टँड, सगळं एका कड्यात. आणि खोलीत शिरणारी प्रत्येक केबल एकाच जागेवरून, भिंतीत बसवलेल्या एकाच तांब्याच्या प्लेटवरून आत यावी. अँटेनाची केबल एका भिंतीतून, लाइट दुसऱ्या आणि टेलिफोन तिसऱ्या, अशी खोली असली तर वीज त्या खोलीतून आडवी जाणार.

ह्या प्लेटवरून मला हल्ली सगळ्यात जास्त भांडावं लागतं ते सीसीटीव्हीवाल्यांशी. टॉवर उंच आहे, वरून अख्खं आवार दिसतं, म्हणून कोणीतरी येऊन टॉवरला कॅमेरा बांधून जातो. त्याची निळी केबल टॉवरवरून थेट खिडकीतून आत, टेबलावरच्या स्विचमध्ये. आमची जाड केबल, तिचा अरेस्टर, प्लेट, पट्टी सगळं व्यवस्थित, आणि शेजारून ह्या पेन्सिलएवढ्या वायरनं विजेला मोकळा रस्ता दिलेला. पुढं स्विच जातो, स्विचला जोडलेले कॉम्प्युटर जातात, आणि बोल रेडिओवाल्याला लागतो. कॅमेरा लावा, माझी काही हरकत नाही. पण त्याची केबल आमच्या प्लेटवरून आणा आणि तिला तिचा अरेस्टर द्या, नाहीतर तिथवर फायबर टाका. काचेच्या धाग्यातून वीज येत नाही.

सळीबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत, कारण पैसा तिथंच जास्त उडवला जातो. अँटेनापेक्षा सळी उंच हवी, एवढी उंच की तिच्या टोकापासून खाली साधारण 45 अंशांत सोडलेल्या छत्रीत अँटेना यावी. बास. बाजारात मोठी चकचकीत गोल डोकी असलेल्या सळ्या मिळतात. एक लावली की शंभर मीटरचा परिसर सुरक्षित, असं सांगून त्या विकतात. आयईसी 62305 हे जे मानक आता आपल्याकडंही धरलं जातं, ते अशा सळीला साध्या सळीपेक्षा एक वीतही जास्त पल्ला देत नाही. त्या पैशात तांब्याची प्लेट येते, प्रत्येक केबलला अरेस्टर येतो, कड्याची पट्टी येते. मी गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगतो. त्यापायी काही कामं हातची गेली, त्याचं मला वाईट वाटत नाही.

सळी आणि खड्डा ह्यांच्यामधली तार हा तर वेगळाच विषय. नवीन पोरं पट्टी सुबक दिसावी म्हणून भिंतीच्या कोपऱ्यावर काटकोनात दुमडतात. दिसतं छान. पण वीज काही आपल्या घरातल्या करंटसारखी संथ वाहत नाही, ती मायक्रोसेकंदात चढते. सरळ तारेतसुद्धा मीटरमागं साधारण एक मायक्रोहेन्री असतोच. करंट एका मायक्रोसेकंदात 10,000 अँपिअरनं चढला, तर त्या एका मीटरवर 10,000 व्होल्ट उभे राहतात. ओहममध्ये ती तार शून्यच दाखवेल. म्हणून पट्टी आखूड, रुंद, सरळ आणि खालीच जाणारी हवी. वळवायचीच असेल तर मोठ्या गोलाईनं. काटकोनात दुमडलेली पट्टी सोडून वीज शेजारच्या पाइपावर उडी मारते, ह्याच्या खुणा मी भिंतीच्या गिलाव्यावर पाहिल्या आहेत.

केबलच्या जाळीला टॉवरवरच अर्थ द्यायचं काम मला मनापासून आवडतं. ते घाईत होत नाही. केबलची काळी साल नेमकी अर्थिंग किटच्या रुंदीएवढी कापायची, आतली जाळी खरचटू द्यायची नाही. उघडी तांब्याची जाळी कपड्यानं पुसून त्यावर किटचा पट्टा बसवायचा, आवळायचा, आणि त्याची शेपटी टॉवरच्या दिशेनं खालीच न्यायची, वर कधीच नाही. मग चिकट काळा ब्युटाइल टेप हातानं दाबत दाबत, आणि त्यावर पीव्हीसी टेप. शेवटचा थर खालून वर गुंडाळत आणायचा, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर चढतो आणि पावसाचं पाणी सांध्यात न शिरता ओघळून जातं. एकदा का जाळीत पाणी शिरलं की केबल आतून हिरवी पडत जाते आणि मग वीज न पडताही रेडिओ दुबळा होतो. असं किट अँटेनाजवळ एक, टॉवर सोडून केबल आडवी वळते त्याच्या वर एक, आणि खोलीच्या तोंडाशी एक. टॉवर उंच असेल तर मधेही.

सुरतेची जमीन दोन तऱ्हेची वागते. शहरात आणि सचिनकडं काळी माती. पावसाळ्यात मेगर लावला तर आकडा इतका सुरेख येतो की फोटो काढावासा वाटतो. तीच माती मेमध्ये भेगाळते, पाइपापासून सुटते, आणि आकडा दुप्पट-तिप्पट होतो. वीज पडते ती नेमकी ह्याच दिवसांत, पाऊस धरण्याच्या आधी. म्हणून माझं मोजमाप मेमध्येच होतं. हजिऱ्याकडं उलट. तिथं खारी जमीन, वीतभर खाली पाणी. खड्ड्यात मीठ-कोळसा न घालताही आकडा एकच्या खाली. पण तीच खार पाइप खाऊन टाकते. वरचा पाऊणफूट जाड दिसतो, खाली खणलं तर पाइपाचा चुरा हातात येतो. त्यातून कुणी जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाच्या, पट्टीला तांब्याची तार नुसत्या बोल्टनं जोडली असेल तर तो जोड दोन पावसाळ्यांत सडतो. अशा ठिकाणी आम्ही मीठ बंद केलं, बेंटोनाइट भरतो, आणि जमिनीतले जोड बोल्टाऐवजी वितळवून करतो.

तांबं लावलं की चोरीला जातं, हेही खरं. एका साइटवर सळीपासून खाली आलेली तांब्याची पट्टी जमिनीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत कापून नेलेली होती. वरून पाहणाऱ्याला सगळं शाबूत. तेव्हापासून खालच्या भागात जीआयची जाड पट्टीच घालतो. आणि उत्तरायण झालं की टॉवरवर एक फेरी असतेच. चौदा जानेवारीनंतर सुरतेत अशी अँटेना सापडणार नाही, जिच्यात मांजा गुंतलेला नाही. तो ओढून काढताना यागी अँटेनाची काडी वाकते, टेप फाटतो. पोरांना पतंगाचा आनंद पुरेपूर मिळावा, पण टेप पुन्हा गुंडाळल्याशिवाय आम्ही खाली येत नाही.

पतंग आणि वीज म्हटलं की सगळ्यांना फ्रँकलिन आठवतो, 1752 चा. मी शिकाऊ पोरांना त्याच्यानंतरचा माणूस सांगतो. 1753 मध्ये सेंट पीटर्सबर्गला रिखमान नावाच्या प्राध्यापकानं छपरावरच्या सळीची तार मोजमापासाठी घरात आणली होती, आणि ती जमिनीला जोडलेली नव्हती. वादळात तो तिच्याजवळ गेला आणि जागच्या जागी मेला. आजही लोक वीज कडाडायला लागली की अँटेनाची केबल रेडिओतून उपटतात आणि तिचं टोक टेबलावर ठेवून देतात. ती अगदी रिखमानची तार होते. केबल काढायचीच असेल तर ढग दिसण्याआधी, बाहेरच्या प्लेटवर काढा, आणि टोक अर्थला लावा.

वर चढणाऱ्या माणसांचं काय, हा भाग सगळ्यात शेवटी लिहितोय, पण माझ्या वहीत तो पहिल्या पानावर आहे. आमच्या टोळीत एक पोरगा पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेला, होता. आमच्याकडं म्हणतात, पायाळूवर वीज पडते. त्याची आई मला म्हणाली होती, ‘भाऊ, आभाळ भरी ऊनं ते त्याले वर धाडू नका.’ मी तिला कबूल केलं, आणि मग वाटलं, जो पायाळू नाही त्याला तरी का धाडावं? तेव्हापासून नियम सगळ्यांना एक. पुण्याच्या आयआयटीएमनं काढलेलं दामिनी ॲप प्रत्येकाच्या फोनवर आहे. 40 किलोमीटरच्या घेऱ्यात वीज दिसली की नवीन काम सुरू करायचं नाही, 20 च्या घेऱ्यात आली की हातातलं सोडून उतरायचं, आणि उतरून टॉवरच्या पायाशी उभं न राहता पक्क्या इमारतीत जायचं. नोव्हेंबर 2023 च्या 26 तारखेला गुजरातभर अवकाळी पाऊस झाला आणि एका दिवसात वीसहून जास्त माणसं विजेनं गेली. लग्नसराईचे दिवस, थंडीचा महिना. विजेचा विचार तरी कोण करणार? त्यामुळं आमचा हा नियम जूनपुरता नाही.

टॉवरच्या पायाशी उभं राहू नये हे वॉचमनला मात्र कुणी सांगत नाही. वीज जमिनीत उतरली की ती तिथंच विरत नाही. पायापासून दूर जाताना पावलापावलावर व्होल्टेज कमी होत जातं, आणि माणसाचा एक पाय टॉवरच्या जवळ आणि दुसरा लांब असला की तो फरक त्याच्या अंगातून जातो. हजिरा रस्त्याच्या एका आवारात वॉचमनची पत्र्याची केबिन टॉवरच्या एका पायाला टेकूनच उभी आहे. काका साक्रीकडचे आहेत, रात्रपाळीला असतात, पाऊस आला की आत बसून लोखंडी खाटेवर फोन चार्ज करतात. आत सावली मिळते आणि टॉवरचा आडोसा म्हणून केबिन तिथं ठेवली, असं मालक म्हणाले.

मालकांशी बोलणं झालंय. केबिन टॉवरपासून दूर, मुख्य इमारतीच्या भिंतीशी न्यायची, तिच्या पत्र्याला इमारतीचीच अर्थ द्यायची आणि तिचा लाइट टॉवरच्या खोलीतून न घेता इमारतीच्या पॅनलवरून घ्यायचा. त्याच आवारातला पाइप खाऱ्यानं अर्धा खाल्लाय, तोही बदलायचाय. मेचा पहिला आठवडा ठरलाय, आणि क्रेन आधी केबिनसाठी यायची आहे.